थंडीत घरी स्प्लेंडरचं इंजिन बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

द्राक्षबागेची धावपळ सुरू व्हायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, आमच्या निफाड-नाशिक भागात बरेच जण गाडीचं मोठं काम काढतात. त्यानंतर तक्रारीही ठरलेल्या. इंजिन बसवलं पण ऑइल गळतंय. गाडी चालू होते पण न्यूट्रलचा दिवाच लागत नाही. चार दिवस झाले आणि सायलेन्सर फटफट करतोय. बहुतेक वेळा इंजिन चांगलंच असतं, घोटाळा कामाच्या क्रमात असतो. पटकन फ्रेममध्ये चढवायचं आणि मग चालू करून बघायचं, ही घाई नडते. जे काम इंजिन खाली जमिनीवर असताना होतं, ते वर चढवल्यावर करायला ठेवू नका. पुढे जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं याच एका नियमातून येतं.

हा लेख कार्बोरेटरवाल्या 97.2 सीसी स्प्लेंडरसाठी आहे, म्हणजे बीएस-4 (सरकारच्या प्रदूषण नियमांचा टप्पा) पर्यंतच्या गाड्यांसाठी. त्याच घराण्यातल्या सीडी डिलक्स, एचएफ डिलक्सलाही बराचसा लागू पडेल. 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत. तिचे बोल्ट सुटतील, पण वायरिंगचं काम घरच्या पडवीत करण्याजोगं नाही.

## 1. आधी खात्री करा: इंजिनच गेलंय का?

धूर दिसला की इंजिन संपलं, असं नसतं. काळा धूर बहुधा कार्बोरेटर किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. थंडीत सकाळी निघणारा पांढरा धूर ही वाफ असते, गाडी तापली की जातो. निळसर धूर येत असेल आणि दर आठवड्याला ऑइल कमी होत असेल, तरच पुढे जा.

गाडी गरम करा, प्लग काढा, कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किक मारून आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग-बोर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत) गेले. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह धरत नाहीत. यातला एकच दोष असेल तर ब्लॉक-पिस्टनचं किंवा हेडचं (व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं) काम करून घ्या, पूर्ण इंजिन बदलायची गरज नाही.

खालून, क्रँकमधून (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्यातून), ठकठक येत असेल तर गोष्ट वेगळी. ऑइल काढताना त्यात दोन बोटं बुडवा आणि उन्हात धरा. बारीक रुपेरी चमक थोडीफार असते, जुन्या इंजिनात ती चालते. पण बोटांवर चोळताना कण टोचले, किंवा ऑइल धरलेल्या डबीच्या तळाशी पत्रीसारखे तुकडे सापडले, तर त्या इंजिनावर वरवरचा खर्च करू नका.

## 2. कोणतं इंजिन आणायचं, आणि कागद

दोन रस्ते आहेत. एक, बाहेरून दुसरं इंजिन आणणं. दुसरा, स्वतःचीच क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) ठेवून आतला क्रँक, बेअरिंग, ब्लॉक-पिस्टन सगळं नवं भरून घेणं. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. केस तीच राहिली तर आरसी बुकातला नंबरही तोच राहतो आणि आरटीओची फेरी वाचते. केस उघडणं, क्रँक प्रेसवर बसवणं ही कामं मात्र लेथवाल्याकडूनच करून घ्या. तुमच्याकडे उतरवणं आणि चढवणं.

बाहेरचं इंजिन घेणार असाल तर हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका:

- नंबरची जागा घासलेली, पुन्हा ठोकलेली किंवा वेल्डिंग केलेली नको. पक्कं बिल हवं आणि त्या बिलावर इंजिन नंबर हवा. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.
- तुमची गाडी किकची की सेल्फची? सेल्फच्या इंजिनाला स्टार्टर मोटरची जागा असते, किकवाल्याला नसते.
- मॅग्नेट कॉइलचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे तुकडे) तुमच्या वायरिंगला बसतात का? फोटो काढून नेला तर तिथेच कळतं.
- मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) हातात धरून वरखाली हलवा. टकटक लागली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय.
- हाताने फिरवत चारही गियर टाकून बघा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा, अंगठा उडायला हवा.
- ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. ते इंजिन तिथेच सोडा.

कायद्याचं: नंबर बदलणार असेल तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 लागू होतं. आधी आरटीओची परवानगी घ्या. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलंच, तर 14 दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. विमा कंपनीला नवीन नंबर कळवायचं लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी अडकतात.

## 3. जागा, थंडी आणि आग

हा भाग वाचून सोडून देऊ नका. थंडीतले खरे अपघात इथेच होतात.

पडवीत गारठा म्हणून शेकोटी किंवा शेगडी पेटवायची आणि शेजारी टाकी उतरवायची, हे जिवावर बेतू शकतं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे निफाडच्या 5-6 अंशांत ती झोपलेली असते असं समजू नका. शिवाय ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरकत लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करण्याचं काम दुपारी, अंगणात, उघड्यावर करा. पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा आणि कॅन घराबाहेर. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणाऱ्याला घरातल्या पोरांची आठवण करून द्या.

दुसरी गोष्ट, दार लावून इंजिन चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पहिलं स्टार्टिंग बाहेर.

गारठ्याचे आणखी दोन त्रास आहेत. जुनी रबरं आणि प्लास्टिकचे कपलर कडक होतात, ओढले की तुटतात. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा, मग कपलरची खिटी दाबून काढा, वायर ओढू नका. आणि रात्री दव पडतं. उघड्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांना स्वच्छ कापडाचा मोठा बोळा लावा आणि वर पिशवी बांधा. बोळा मोठाच हवा. लहान चिंधी आत सरकते आणि मग हेड उघडावं लागतं.

## 4. सामान आधी गोळा करा

हत्यारं: 8, 10, 12, 14, 17 चे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), टी स्पॅनर, प्लग पाना, इम्पॅक्ट ड्रायव्हर, फीलर गेज, पक्कड, रबरी हातोडी. टॉर्क रेंच मिळत असेल तर एका दिवसासाठी मागून आणा.

नवं लागणारं सामान: सायलेन्सरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचं वायसर, इनटेकची ओ-रिंग, प्लग, एअर फिल्टर, क्लच केबल (जुनी उसवलेली असेल तर) आणि 10W-30 ऑइलचा 900 मिलीचा डबा. डब्यावर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचच्या दुचाकींसाठीचा दर्जा) असं लिहिलेलं हवं. कारचं ऑइल ओतू नका, क्लच याच ऑइलमध्ये भिजतो आणि घसरायला लागतो.

आदल्या रात्री एकच काम: सायलेन्सरच्या नटांवर आणि इंजिनच्या आडव्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा मारा. जुन्या गाडीत हेडमधला एक्झॉस्टचा स्टड (सायलेन्सरचा नट ज्यावर बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) तुटण्याचं प्रमुख कारण म्हणजे हा स्प्रे न मारता लावलेला जोर.

तपासा: गोट्या पूर्ण सेटमध्ये आहेत, पॅकिंग हातात आहे आणि रविवारी दुकान बंद असतं हे लक्षात आहे. तिन्हीचं उत्तर हो असेल तरच पहिला बोल्ट सोडा.

## 5. उतरवणं

1. गाडी दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. गार ऑइल घट्ट असतं, अर्धं आतच राहतं. ड्रेन बोल्ट सोडा आणि निवांत गळू द्या.
2. मेन स्टँडवर गाडी घ्या. इंजिन निघालं की गाडीचं वजन एकदम मागे जातं. आधीच पुढचं चाक दोरीने बांधा आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवा.
3. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, नंतर पॉझिटिव्ह.
4. साइड कव्हर, सीट, पेट्रोल कॉक बंद करून टाकी. टाकी बाहेर ठेवा.
5. कार्बोरेटर. ॲक्सिलरेटर केबलचं टोपण फिरवून सुई आणि पिस्टन अलगद बाहेर घ्या आणि कापडात गुंडाळून फ्रेमला बांधून ठेवा. सुई वाकली की पुढे आठवडाभर मायलेजच्या नावाने ओरड.
6. सायलेन्सर: आधी हेडचे दोन नट, मग मागचा बोल्ट. नट सुटत नसेल तर किंचित घट्ट करून मग सोडा, असं पुढेमागे करत काढा.
7. गियर लिव्हर काढण्यापूर्वी शाफ्टवर आणि लिव्हरवर पांढऱ्या पेंटचा ठिपका द्या. नाहीतर बसवल्यावर लिव्हर अर्धा इंच वर येतो आणि पाय पोचत नाही.
8. डावीकडचं कव्हर काढून इंजिन स्प्रॉकेटचे (चेनच्या पुढच्या दातेरी चाकाचे) दोन बोल्ट सोडा. यासाठी चेन जागेवरच हवी आणि कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायला हवा. चेन आधी काढली तर शाफ्ट नुसता फिरत राहतो. बोल्ट निघाले की स्प्रॉकेट धरणारी पट्टी जरा फिरवून बाहेर घ्या, मागचा एक्सल सैल करून चेन ढिली करा आणि स्प्रॉकेट चेनसकट बाजूला काढा.
9. क्लच केबल, प्लग कॅप, ब्रीदर पाइप, मॅग्नेट आणि न्यूट्रल स्विचच्या वायरी. सेल्फची गाडी असेल तर स्टार्टरची जाड वायर.
10. फूटरेस्टचा दांडा.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, आणि बोल्ट त्या त्या पायरीच्या वेगळ्या पिशवीत ठेवा. एकाच ताटात सगळे बोल्ट टाकणारा माणूस संध्याकाळी लांब बोल्ट आखूड भोकात मारतो आणि केस फोडतो.

आता खाली जुना टायर आडवा ठेवा आणि इंजिनाच्या पोटाखाली लाकडी फळी घालून जॅक लावा. जॅक वर ढकलायचा नाही, नुसता टेकवायचा. पुढच्या हँगर पट्ट्यांचे बोल्ट आधी काढा. मग मागचे दोन आडवे बोल्ट, खालचा आधी, वरचा शेवटी. बोल्ट अडत असेल तर हातोडी मारण्यापूर्वी जॅक थोडा वरखाली करून बघा. वजन बोल्टावरून हटलं की तो बोटांनी निघतो. बाहेर काढताना दोन माणसं हवीत, एकाचे हात गारठून बधिर झालेले नकोत.

## 6. जमिनीवरचं काम

लोक सर्वात कमी वेळ इथे देतात, आणि सगळा फरक इथेच पडतो. नवं इंजिन पोत्यावर ठेवा आणि चढवण्याआधी पुढची कामं करून घ्या.

टॅपेट. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) गार इंजिनावरच बसवायचे असतात, त्यामुळे थंडीची सकाळ इथे तुमच्या बाजूने आहे. मॅग्नेट फिरवून त्यावरची टी खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही टॅपेट हाताने हलत असतील तर कॉम्प्रेशनचा टॉप आहे, म्हणजे पिस्टन सर्वात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. एखादा घट्ट लागला तर मॅग्नेट आणखी एक फेरा फिरवा. गॅप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. फीलर गेज किंचित अडखळत सरकायला हवा.

ऑइलची वाट. जुनं इंजिन आणलं असेल तर क्लच कव्हर काढून सेंट्रिफ्युगल फिल्टर आणि तळाची जाळी साफ करा. फिल्टरच्या कडेला काळ्या मेणासारखा थर बसलेला असतो, तो खरवडून रॉकेलने धुवा. कव्हरचं पॅकिंग नवं टाका. फ्रेममध्ये चढवल्यावर हेच काम करताना फूटरेस्ट, किक आणि सायलेन्सर पुन्हा काढावे लागतील.

सील. स्प्रॉकेट शाफ्टचं आणि गियर शाफ्टचं ऑइल सील पन्नास-शंभर रुपयांचं काम असतं. आता बदला.

स्टड. एक्झॉस्टच्या स्टडवर नट हाताने पूर्ण फिरवून बघा. आटे गेले असतील तर आताच नवा स्टड टाका.

फ्रेम. इंजिन बाहेर आहे तोवर फ्रेमच्या आतल्या बाजूचा चिखल काढा, वायरिंग कुठे घासलंय ते बघा, हँगर पट्ट्यांवर चीर आहे का ते बघा. एअर फिल्टर बदला. जुनं इंजिन धुळीने मेलं असेल आणि एअर फिल्टरच्या डब्याचं रबर अजून तसंच फाटकं असेल, तर नवंही त्याच वाटेने जाणार.

थांबा: वरचं सगळं झालं का? नसेल तर इंजिन उचलू नका, उद्या उचला.

## 7. चढवणं

इंजिन जॅकवर घेऊन वर आणा. पहिल्यांदा मागचा वरचा बोल्ट घाला, मग खालचा, मग पुढच्या पट्ट्या. सगळे बोल्ट भोकात जाऊन नट बोटांनी लागेपर्यंत एकही घट्ट करू नका. एक आधीच आवळला की बाकीची भोकं जुळत नाहीत, मग लोक हातोडीने बोल्ट ठोकतात आणि आटे चेपतात.

सगळे बसले की जॅक सैल करा, इंजिन स्वतःच्या वजनाने बसू द्या आणि मग आवळा. टॉर्क मॅन्युअलमध्ये बघा. इंजिनच्या कव्हरांच्या 6 मिमी बोल्टांना साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरेसे असतात. टॉर्क रेंच नसेल तर नेहमीच्या लांबीचा पाना आणि मनगटाचा जोर, एवढंच. पान्याला पाइप जोडायचा नाही.

यानंतर उतरवलं त्याच्या उलट क्रमाने. फक्त चार ठिकाणी सावध राहा:

- सायलेन्सरचं जुनं पॅकिंग हेडमध्ये चिकटून बसतं आणि दिसत नाही. त्यावर नवं टाकलं की फटफट ठरलेलीच. टॉर्च मारून बघा. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळा आणि मागचा बोल्ट शेवटी.
- इनटेकची ओ-रिंग खोबणीतून निसटली तर हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही.
- प्लग आधी बोटांनी पूर्ण फिरवा. आडवा लागला तर हेडचे आटे गेलेच.
- चेन लॉक काढलं असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवा. चेन मधोमध वरखाली साधारण 25 मिमी हलू द्या.

क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी मोकळी चाल हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, केबल कुठे ताणत नाही ना. न्यूट्रल स्विचची वायर लावली का? हीच सर्वात जास्त विसरली जाते.

## 8. ऑइल आणि पहिलं स्टार्टिंग

900 मिलीचा डबा सगळा ओतू नका. थोडं मागे ठेवा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर, डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. दोन खुणांच्या मध्ये पातळी आली की पुरे.

आता प्लग काढून कॅपमध्ये घाला आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवा, भोकापासून लांब. चावी बंद. टॅपेटचं एक टोपण उघडून सावकाश किक मारत राहा, आत ऑइलचा ओलसरपणा दिसेपर्यंत. गारठ्यात वेळ लागतो. एवढ्या वेळात हात गरम होतात, हा फायदाच समजा. ऑइल अजिबात वर आलं नाही तर इंजिन चालू करू नका, पंप बघा.

टोपण आणि प्लग लावा, गाडी अंगणात घ्या. चोक पूर्ण, ॲक्सिलरेटर बंद, किक. चालू झाली की मूठ पिळायची नाही, चोक हळूहळू कमी करत आयडलिंगवरच ठेवा. दोन-तीन मिनिटांनी बंद करा, थोडं थांबा, ऑइलची पातळी पुन्हा बघा आणि लागेल तेवढं वाढवा.

तपासा: ड्रेन बोल्ट, टॅपेटची टोपणं, स्प्रॉकेटमागचं सील आणि ब्लॉकच्या पॅकिंगची कड यांवर पांढरा कागद फिरवा. डाग आला तर आताच आवळा किंवा बदला. सायलेन्सरच्या तोंडाजवळ, नटांपाशी, काळी रेघ दिसली तर पॅकिंग धरलेलं नाही.

## 9. पहिले 500 किलोमीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, माउंटिंगचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. रिंग-पिस्टन नवे असतील तर टॅपेटही बघा. 500 किलोमीटरपर्यंत 50 च्या पुढे नेऊ नका, पण एकाच वेगात रेटतही राहू नका. घाटात तिसऱ्यावर कण्हत नेण्यापेक्षा दुसरा टाका. डबलसीट आणि मागे द्राक्षाचे क्रेट, हे नंतर. 500 ला ऑइल बदला, आणि काढलेल्या ऑइलमध्ये पुन्हा बोटं बुडवून बघा.

जुनं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, गॅरेजवाले ते गोळा करून देतात. जुनी क्रँककेस भंगारात घालताना मात्र नंबरचा फोटो आणि घेणाऱ्याची पावती ठेवा. त्या नंबराच्या मागे तुमचं नाव अजून आरटीओच्या नोंदीत असू शकतं.